चाळीमागची माती

मेघनाने नळाखाली हात धुतले, ओढणीला पुसले आणि ती चाळीच्या सभेत मागच्या रांगेत जाऊन बसली. आठवडाभर घोकलेलं भाषण ओठांवर होतं.

चाळ कमिटीचे सेक्रेटरी हितेंद्र सावंत उठले. "विषय एकच. मागची जागा. सिमेंट घालून पार्किंग करायचं म्हणतायत. कुणाची हरकत?"

लालबागच्या त्या चाळीमागे पूर्वी राडारोड्याचा ढीग होता. मेघनाने तो उपसला, घरोघरचा ओला कचरा मागून आणून खत केलं, वाफे घातले, एकही औषध न फवारता माठ, मुळा, वांगी काढली. दर रविवारी ती चाळकऱ्यांना तिथे बोलावून माती समजावून सांगायची. येत चार-दोन जण, तेही बहुधा भाजीची जुडी न्यायला. आपलं बोलणं या कानातून त्या कानात जातं, असंच तिला वाटे.

ती उठणार तोच पुढून आवाज आला.

"माजी हरकत आसा."

सुंदरामावशी! खताच्या पिंपांना वास मारतो म्हणून सगळ्यांत आधी भांडल्या होत्या त्या.

"ती माती आमी केली. माज्या घरातल्या सालींची आसा ती. तिच्यार सिमेंट घालतलास?"

"अहो, पण गाड्या..." हितेंद्र म्हणाले.

राजेश उठला. त्याची टॅक्सी होती; पार्किंगचा आग्रह पहिला त्यानेच धरला होता. मान खाजवत तो म्हणाला, "माझी गाडी राहू दे रस्त्यावर. माती पाणी पिते, सिमेंट पीत नाय. पावसात ते सगळं तळमजल्यावर घुसणार. वरच्यांचं काय जातंय? भोगणार आम्ही."

मेघनाने मान खाली घातली. शब्द तिचेच होते, पण राजेश ते स्वतःचे असल्यासारखे बोलत होता. मग कुणीतरी गांडुळांबद्दल सांगू लागलं. थोडं चुकलंच, पण तावातावाने.

पार्किंगच्या बाजूने हात वर झाले ते दोनच.

"मेघना, तुला काय बोलायचं होतं ना?" हितेंद्रनी विचारलं.

"काही नाही, दादा."

सभा मोडली. जाता जाता हितेंद्रनी मावशींना हळूच गाठलं. "लिंबाची सालं चालतात का हो पिंपात?"

सवयीने मेघनाचं तोंड उघडलं. मग तिने ते मिटलं, आणि मावशींचं उत्तर ऐकत ती भिंतीला टेकून उभी राहिली.