नवऱ्या मुलाच्या धंद्याचं सामान

सुट्टीच्या दिवशी सकाळी रंगारी खोलीच्या दारात बसून ब्रश धूत होता. टर्पेंटाइनच्या डब्यात ब्रश बुडवायचा, अंगठ्याने केस मोकळे करायचे, जुन्या फडक्यात पिळायचा आणि कागदात गुंडाळून ठेवायचा. ब्रश धुतल्याशिवाय सुट्टी सुरू होत नाही, असं तो म्हणे. शेजारी त्याची एकुलती एक मुलगी लांबी भरायचे पत्रे घासत होती. भिंतीचे खड्डे ती लांबीने, म्हणजे पुट्टीने, असे बुजवायची की नंतर हात फिरवला तरी खड्डा कुठे होता ते सापडू नये. भिंत आणि छत मिळतात तिथली रंगाची कड ती चिकटपट्टी न लावता नुसत्या हाताने मारायची. ती सरळ कड पाहून एका गवंड्याने तिचं नाव 'दोरी' ठेवलं, आणि तेच चिकटलं.

सात वर्षं ती बापाबरोबर कामाला जात होती. मजुरी मात्र बापाच्याच हातात पडे. लोक विचारत, "मुलीला मदतीला आणता वाटतं?" तो हसून म्हणे, "घरी बसून तरी काय करणार?" निम्मं काम तिचं आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं, पण तोंडातून कधी निघालं नाही. वाईट माणूस नव्हता तो. आपल्यातले पुष्कळ चांगले बाप असेच असतात.

त्या दिवशी अकराच्या सुमारास, आधी मुलगी बघून गेलेले लोक लग्न पक्कं करायला आले. नवरा मुलगाही रंगारीच, एका ठेकेदाराकडे रोजावर. बरोबर त्याचे काका. मुलाचे वडील हयात नव्हते, तेव्हा सगळा कारभार काकांच्या हातात. चहा-बिस्किटं झाली, हवापाण्याच्या गप्पा झाल्या, आणि काकांनी खिशातून घडी केलेला कागद काढला.

"हे बघा पाहुणे, हुंडाबिंडा आम्हाला नको. आम्ही त्यातले नाही," काका म्हणाले. "पोराला स्वतःचा धंदा काढायचाय. तुम्ही त्याच लाइनीतले. तेवढं सामान उभं करून द्या, बस्स. शेवटी सुख कुणाला? तुमच्याच मुलीला."

रंगाऱ्याला चष्मा सापडेना. त्याने कागद मुलीच्या हातात दिला. "वाच गं."

ती वाचू लागली. "अ‍ॅल्युमिनियमच्या शिड्या, दोन. फवाऱ्याने रंग मारायची मशीन, मोठी. भिंत घासायची मशीन, धूळ ओढून घेणारी. रोलर बारा, ब्रश सगळ्या मापांचे. ताडपत्र्या, बादल्या, तोंडाचे मास्क. पहिल्या दोन कामांच्या रंगाचे रोख पैसे. सामान न्यायला तीनचाकी टेम्पो. जुना चालेल."

जुना चालेल! केवढं ते मोठं मन.

"घरांच्या कामाला एवढी मोठी मशीन कशाला?" दोरीच्या तोंडून निघून गेलं. "ही गोदामांना लागते. एका खोलीत चालवायची तर सामान झाकण्यातच दिवस जाईल."

नवऱ्या मुलाने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. तिचं बरोबर होतं, आणि ते त्याला कळत होतं. पण त्याने नजर काकांकडे वळवली. काकांनी हसण्यावारी नेलं, "मुलगी हुशार आहे हो!" आईने स्वयंपाकाच्या कोपऱ्यातून डोळे वटारले, आणि दोरीने कागदाची घडी घातली.

पाहुणे गेल्यावर ती बापासमोर येऊन बसली.

"बाबा, याच्या पाव भागात माझा धंदा उभा राहील. शिड्या आपल्या आहेत, परांची आहे. घासायची मशीन घ्यायची आणि पहिल्या कामाचा रंग. फवाऱ्याची मशीन लागलीच तर भाड्याने मिळते. माझं सगळं ठरलंय. मला द्या ना."

"आणि लग्न?" आईने विचारलं.

"होईल तेव्हा होईल."

"सत्तावीस पूर्ण झाली तुला! बाप लेकीच्या कमाईवर बसलाय म्हणतील लोक. ऐकवेल तुला ते?"

रंगाऱ्याने हातातलं फडकं बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "पोरी, तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. पण मुलीला सामान घेऊन देऊन घरात ठेवली, तर मला तोंड दाखवायला जागा राहायची नाही."

शिड्या त्याच, मशीनही तीच, पैसाही त्याच बापाच्या घामाचा. जावयाला दिला की इभ्रत, लेकीला दिला की नामुष्की. हे गणित ज्याने पहिल्यांदा मांडलं त्याचं नाव कुणाला माहीत नाही, पण ते सोडवत बसलेली घरं गल्लोगल्ली आहेत.

पुढचे पाच महिने रंगाऱ्याने कामाचा सपाटा लावला. एकेक वस्तू घरात येऊ लागली. एकाच खोलीचं घर, तेव्हा खोकी भिंतीला लागली, मग खाटेखाली गेली, आणि शेवटी आई खोकं ओलांडून स्वयंपाकाला जाऊ लागली. नव्याकोऱ्या शिड्या प्लास्टिकसकट कोपऱ्यात उभ्या होत्या. लग्नाला महिना उरला, आणि टेम्पोचे पैसे काही जमेनात. तेव्हा रंगाऱ्याने आपली परांची विकली. उंच इमारतीला बाहेरून रंग द्यायचा तर लोखंडी पाइप जोडून, त्यावर फळ्या टाकून माणूस उभा राहतो, ती परांची. पंधरा वर्षांत थोडी थोडी जमवलेली.

"बाहेरचं काम कशावर उभं राहून करणार?" दोरीने विचारलं.

"शिड्या आहेत की. दोन बांधल्या की झालं."

"त्या लाकडी? बाबा, निदान नव्या तरी न्या! घरात पडूनच आहेत ना त्या?"

"अगं, त्या जावयाच्या. रंगाचा एक डाग पडला तर काय तोंडाने देऊ?"

"मग मी येते. खालून धरते."

"मुळीच नाही," आई म्हणाली. "महिन्यावर लग्न आलंय. हात बघ तुझे, खरखरीत नुसते. आता घराबाहेर पडायचं नाही."

तिसऱ्या दिवशी दुपारी रंगारी दुसऱ्या मजल्याच्या खिडकीवरची पट्टी रंगवत होता. दोन जुन्या शिड्या दोराने एकमेकींना बांधलेल्या, आणि खाली धरायला कोणी नाही. बांध सरकला. रंगाची बादली आणि तो एकदमच खाली आले.

जीव वाचला, पण कंबरेखालचं सगळं गेलं. टेम्पोसाठी ठेवलेले पैसे दवाखान्यातच संपले. घरी आणला तेव्हा खाट भिंतीला लावायला खोकी हलवावी लागली.

अपघातानंतर तीन आठवड्यांनी काका आले, पुतण्याला आणि एक भाड्याचा टेम्पो घेऊन. खाटेपाशी बसून त्यांनी हळहळ व्यक्त केली. मग म्हणाले, "लग्न पुढे ढकलू, घाई नाही. पण सामान नेतो. पोराने एक काम धरलंय, अडून बसलंय."

"दे गं त्यांना," रंगारी खाटेवरून म्हणाला. "शब्द दिलाय मी."

दोरी शिड्यांच्या पुढे जाऊन उभी राहिली. आयुष्यात बापाचा शब्द तिने कधी मोडला नव्हता.

"नाही बाबा. सामान जाणार नाही, आणि मीही जाणार नाही. काका, टेम्पो रिकामा घेऊन जा."

"बाप असा पडलेला, आणि मुलीची ही भाषा!" काका ओरडले.

"बाप का पडला ते तुमच्या कागदात लिहिलंय," ती म्हणाली.

नवरा मुलगा खाली मान घालून उभा होता. "काका, चला," एवढंच तो पुटपुटला. ते गेले. रंगाऱ्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

त्या दिवसापासून तो मुलीशी बोलला नाही. तिने मोठी मशीन विकून औषधपाणी केलं, शिड्यांचं प्लास्टिक फाडलं आणि एकटी कामाला जाऊ लागली. कामं मिळाली, पैसेही मिळाले. संध्याकाळी घरी आली की ती त्याला कुशीवर वळवी, पडून पडून पाठीला झालेल्या जखमा पुसून काढी, घास भरवी. तो डोळे मिटून घास घेई. ती रोज विचारी, "बाबा, आज कुठल्या रंगाचं काम होतं सांगू?" उत्तर येत नसे, तरी ती सांगे. हे चार महिने चाललं.

जखमा चिघळून तो गेला. शेवटच्या दिवशी त्याने बायकोचा हात धरला. "मुलीचं तेवढं माझ्या हातून झालं नाही. माफ कर मला."

आपल्याला कुणी लुटलं, असं त्याला शेवटपर्यंत वाटलं नाही. आपणच बाप म्हणून कमी पडलो, एवढंच वाटलं. पडण्यापेक्षा मला हे फार भयंकर वाटतं.

भेटायला येणाऱ्यांत एक शेजारीण होती. संध्याकाळी सातच्या सुमारास ती आईजवळ बसली आणि रिवाजाप्रमाणे म्हणाली, "मुलीचं लग्न न बघताच गेले हो बिचारे."

आई इतके दिवस कुणाशी बोलत नव्हती. तिने मान वर केली.

"लग्नापायीच गेले ते," ती म्हणाली. "मीच पाठवलं त्यांना शिडीवर. लेक म्हणत होती, खाली उभी राहते. मी तिला घरात बसवली. हात मऊ व्हायला हवे होते ना."

दोरी उठून आईजवळ येऊन बसली, पण आई शेजारणीकडेच बघत होती.

"तुझ्या लेकीचं ठरलंय ना? काय कबूल केलंत?"

"फार काही नाही," शेजारीण चाचरत म्हणाली. "त्या मुलाला दुकान घालायचंय. जागेची अनामत... हे जादा पाळी करतात ना हल्ली."

"आजच नाही म्हणून सांग त्यांना. माणूस आहे तोवर सांग, बाई."

शेजारणीने पदर सारखा केला. थोड्या वेळाने उठली, आणि दारात चपला घालून बराच वेळ तशीच उभी राहिली. तिचा नवरा अजून धडधाकट होता. तो जादा पाळी संपवून घरी यायला दोन तास होते.