मधली काठी

सोयाबीनच्या ढिगावर पसरलेली ती जुनी, खाकी ताडपत्री मीच. माझ्या कडेला बत्तीस पितळी रिंगा आहेत. आकार मात्र दोन्ही टोकांना निमुळता, माशासारखा. ढिगासाठी कोणी अशी ताडपत्री शिवत नाही. मित्रांनो, मी होडीसाठी जन्मले.

कळंबला वलीभाईंच्या दुकानात ट्रॉलीची आणि धान्याच्या थप्पीची झाकणं शिवली जात. तिथं एकदा गौराबाई आल्या. त्या जवळच्या तलावात एकट्या मासे धरत. उन्हानं त्यांच्या लाकडी होडीचे सांधे उघडत होते.

वलीभाईंनी आधी प्लास्टिकची ताडपत्री दाखवली.

"ही उन्हानं तडकती," गौराबाई म्हणाल्या. "जाड कापडाची दाखवा."

मग वलीभाईंनी मला उलगडलं, मधोमध खोळ केली आणि तांब्याभर पाणी ओतलं. दोघांचा चहा संपला तरी माझ्या पोटातलं पाणी जागचं हललं नाही. गौराबाईंनी खालून हात फिरवला. हात कोरडा.

"हीच द्या."

वलीभाई माप घ्यायला तलावावर गेले. सोबत आलेली त्यांची मुलगी मैमुना आकडे लिहीत होती. लिहिता लिहिता ती थांबली.

"अब्बा, मधी आडवी काठी नको का? थप्पीला आतून धान्याचा टेकू असतो. हिच्यात तर काहीच न्हाय."

"चाळीस वर्सं झाली शिवतोय मी. ताणून बांधलं की बास."

"पोरगी माझ्या होडीवर तंबू ठोकती का काय," गौराबाई म्हणाल्या, आणि तिघंही हसले.

तो उन्हाळा माझ्या कौतुकाचा होता. एकही सांधा उघडला नाही. दोऱ्या सोडण्याआधी गौराबाई मला रोज थोपटत.

सप्टेंबरात त्यांची लेक वाशीला बाळंत झाली. आठ दिवसांसाठी निघताना त्यांनी होडी काठालगत पाण्यातच बांधली आणि बत्तीसही गाठी आवळल्या. "संभाळ गं," एवढंच मला म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी पाऊस लागला. नायलॉनची दोरी भिजली की थोडी लांबते. दोऱ्या सैल पडल्या, मी मधोमध वाकले आणि पाणी साचू लागलं. साचलं तशी मी आणखी वाकले, वाकले तसं आणखी साचलं. दुसऱ्या सकाळपर्यंत माझ्या पोटात चारशे लिटर पाणी होतं, म्हणजे चारशे किलो वजन. मला एक थेंबही खाली सोडता येत नव्हता. गाठी सुटत नव्हत्या. वाऱ्यानं होडी जराशी कलली आणि सगळं पाणी त्याच अंगाला धावलं. होडीचा काठ तलावाच्या पाण्याला टेकला आणि पाणी आत शिरलं. मला सारं कळत होतं, मित्रांनो, पण कळून काय करणार?

गौराबाई परतल्या तेव्हा होडी तळाशी होती. लोकांनी ती ओढून काढली, पण दगडांवर आपटून बूड फुटलं होतं. वलीभाई धावत आले. मला उलटसुलट करून उन्हासमोर धरलं, शिवण न् शिवण पाहिली.

"कुठंच भोक न्हाय," ते म्हणाले.

"भोक असतं तर होडी वाचली असती, अब्बा," मैमुना हळूच म्हणाली.

वलीभाईंनी मान खाली घातली. गौराबाई ओल्या फळीवर बसून होत्या. "त्यांना नको बोलू, बाळ," त्या म्हणाल्या. "तू सांगितलं तवा म्याच आधी हसले."

आता त्या दुसऱ्यांची जाळी विणतात. मी त्यांच्या भावाच्या खळ्यात आहे. परवा पाऊस झाला. पाणी ढिगावरून घसरून गेलं, आतलं सोयाबीन कोरडं राहिलं. "लई चांगली हाय ही," कोणीतरी म्हणालं. मी तीच आहे, मित्रांनो. तेव्हाही तीच होते. फक्त आज माझ्याखाली टेकू आहे.

म्हणून एक विनंती. कशावरही झाकण घालाल, तेव्हा कडा मोजाच, पण आतली रिकामी जागाही मोजा. आणि माप घेताना कोणी शंका काढली, तर हसण्याआधी एक काठी आडवी लावून बघा.