दोन माणसांची मोटार

आमचे धाकटे दीर रेणुकादास नांदेडला वकील. वकिली बरी चालायची, पण जीव सगळा त्या मोटारीत. हैदराबादच्या कुणा नवाबाच्या पोराने शौकाने घेतलेली शर्यतीची लाल गाडी. त्याचं मन भरलं तेव्हा भावजींनी ती उचलली. नाक हे लांब, जमिनीपासून वीतभर उंच, वर कापडाचं छप्पर आणि तेही गळकं. बसायला जागा दोनच, एक हाकणाऱ्याची आणि एक त्याला खेटून. मी म्हणायची, "भावजी, वकील माणूस तुम्ही, अन् बायको-पोरांना काय बॉनेटवर बसवता?" ते नुसते हसायचे.

निजामाच्या राज्यातलं फसली साल तेराशे सत्तेचाळीस, भादवा. चार दिवस पावसाची झड लागलेली. भावजी मुकदम्यासाठी लातूरला आमच्याकडे उतरले होते. सकाळीच शिरूर अनंतपाळहून संगप्पा घोड्यावर आला. माझी मुलगी प्रेमला तिकडे दिलेली, तिच्या सासरचा हा कारभारी. चिखलाने डोक्यापर्यंत माखलेला. दारातूनच म्हणाला, "आईसाब, काल दुपारपासून वैनीबाईंना कळा येऊन राहिल्या. मूल आडवं हाय. तिथल्या सुइणीनं हात टेकले. जल्दी धुरपताला धाडा म्हनले मालक."

पहिलं बाळंतपण माहेरी झालं होतं, हे दुसरं म्हणून सासरी.

धुरपता आमच्या गल्लीमागची सुईण. पोटावरून हात फिरवून आडवं मूल सरळ करणारी लातुरात ती एकच. माझी तिन्ही लेकरं तिनेच काढली, प्रेमलासुद्धा. तरी तिची जात अशी की बाळंतिणीच्या खोलीत ती चालायची आणि खोलीबाहेर आली की तिच्या मागे आम्ही गोमूत्र शिंपडायचो. ती बोचकं घेऊन आली आणि नेहमीसारखी खालच्या पायरीपाशी भिजत उभी राहिली.

भावजी मोटारीच्या मागच्या चाकांना जाड दोराचा सोल गुंडाळत होते, चिखलात घसरू नये म्हणून. हात पुसत म्हणाले, "चल धुरपता, बस."

धुरपता हलली नाही. तिने माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "भावजी, ती तुमच्या मांडीला मांडी लावून बसणार? भर बाजारातून?"

"जागाच तेवढी आहे, वहिनी."

"मग मी बसते. लेक माझी आहे. धुरपता दमणीतून येईल संगप्पाबरोबर."

"पंधरा कोस आहेत! ह्या पावसात बैल कधी पोचायचे?"

"माझ्या घरचं मी बघते. तुमची वकिली कोर्टात करा."

धुरपता "हाव" एवढंच म्हणाली आणि दमणीकडे गेली.

गाव सुटेपर्यंत मुरमाचा रस्ता होता. मग काळी जमीन लागली आणि गाडी लोण्यावर ठेवल्यासारखी चालू लागली. नाक एकीकडे, शेपूट दुसरीकडे. छपरातून पाणी माझ्या मानेवर. काचेवरचा पुसायचा दांडा भावजी एका हाताने फिरवत होते. मी ओरडले, "थांबवा, ब्रेक दाबा!" ते म्हणाले, "ब्रेक दाबला की खड्ड्यात गेलो समजा. हिला हळूच सोडायची असते. गप्प बसा अन् पुढची दांडी धरा." मला गप्प बस म्हणणारा माणूस त्या दिवसापर्यंत जन्मला नव्हता. मी दांडी धरली.

एक खरं सांगते, गाडी धावत होती. जिथे बैलांनी मान टाकली असती तिथून ती पाणी फाडत निघत होती. मला वाटलं, पोचलेच मी. प्रेमलाचा हात धरीन, तिच्या कपाळावरून हात फिरवीन.

घरणी नदीवर आलो. पाणी गढूळ, पण गाड्या पार होतात तो उतार अजून दिसत होता. भावजींनी माझी घोंगडी मागितली आणि गाडीच्या नाकावर बांधली, पंख्याने आत पाणी उडू नये म्हणून. काठावर एक गुराखी म्हातारा उभा होता. तो म्हणाला, "आत्ता जाशाल तर जाशाल. वर लई पाऊस हाय. दिवस कलल्यावर बैलगाडी काय, हत्ती बी न्हाई जायचा."

भावजी गाडीत बसले, पण गाडी सुरू करीनात. समोर बघत म्हणाले, "वहिनी, आडवं मूल फिरवता येतं तुम्हाला?"

"तोंड सांभाळा."

"सांभाळतो. येतं का?"

दमणी तेव्हा फार तर तीन कोस आली असेल. ती ह्या काठाला लागेल तेव्हा नदी भरलेली असेल. पलीकडे माझी प्रेमला, आणि तिच्या उशाशी मी, हात धरून बसलेली. दुसरं मला काही करता येत नव्हतं.

मी खाली उतरले. "फिरवा मागं. तिला घेऊन या."

काठावरच्या मारुतीच्या देवळाच्या वळचणीला मी उभी राहिले. दोन तास तरी गेले असतील. पाणी मोजायला एका दगडावर नजर ठेवली होती, तो दगड बुडाला. मग लाल नाक दिसलं. धुरपता बोचकं छातीशी धरून दाराला चिकटून बसली होती, भावजींना पदराचं टोकही लागू नये अशी. मी दाराशी जाऊन म्हटलं, "नीट मागं टेकून बस. पडशील." तिने माझ्याकडे बघितलं नाही. गाडी पाण्यात घुसली, मधोमध तिरकी झाली, चाकांवर पाणी चढलं. मग खोकत खोकत वर निघाली. तिच्या मागून नदी भरली.

मी पलीकडे गेले ते दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर, उसन्या बैलगाडीतून.

प्रेमला जिवंत होती. मुलगा झाला होता. परसात त्याला पुरलंही होतं.

धुरपता बाहेरच्या पायरीवर बसली होती. मी विचारलं, "फिरलं होतं का?"

"फिरलं. पन तवर गार झालं व्हतं."

"देवाची मर्जी," मी म्हटलं.

"देवाला कशापायी मधी घेता, बाईसाब? मी पोचायच्या घडीभर आधीपोतूर पोटात हलत व्हतं म्हनली इथली सुईन."

मी आत गेले. प्रेमलाचा चेहरा चुन्यासारखा पांढरा. जावई उभे, विहीणबाई उभ्या, भावजी दाराशी. प्रेमलाने डोळे उघडले.

"आई, मोटार तर सकाळीच निघाली होती ना? मग धुरपताला उशीर का झाला?"

भावजी घाईने म्हणाले, "नदीला पाणी होतं, बेटा. उतार..."

"पाण्यानं नाही," मी म्हटलं. "मोटारीत मी बसले होते."

प्रेमला माझ्याकडे बघत राहिली. मग तिने तोंड भिंतीकडे वळवलं.