चतकोर गोळी

डबीत अकरा अख्ख्या गोळ्या होत्या आणि तीन चतकोर. म्हणजे पाच चतकोर चार वर्षांच्या चिमीच्या पोटात गेले होते. अडीच दिवस, सकाळ-संध्याकाळ.

फिटच्या पातळ औषधाची तिची बाटली फुटली, तेव्हा आईने फार विचार केला नाही. सासऱ्यांनाही फिट येत, आणि त्यांच्या गोळीवर नाव तेच होतं. आई कपडे शिवणारी, मापात पक्की. सासरे साठ किलो, चिमी पंधरा. चौथा हिस्सा! तिने कात्रीने गोळी कापली.

तिसऱ्या दिवशी दुपारी शिलाई मशीनशेजारी बटणं ओवता ओवता चिमी कोसळली. हातपाय ताठ झाले, झटके सुरू झाले. आईने चमचा उचलला.

“तोंडात काही घालू नकोस!” सासरे भिंत धरत धरत आले. “कुशीवर घे. घड्याळ बघ!”

दोन मिनिटं चाळीस सेकंद. सरता सरेनात.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी चिमीचं रक्त तपासायला घेतलं, आणि आजोबांची चाल पाहून त्यांचंही.

“हिशोब तर बरोबर होता हो!” आई रडकुंडीला आली होती.

“ताई, मोठ्यांचा शर्ट चारी बाजूंनी कापला की चिमीला बसेल?”

“छे! खांदा, गळा, सगळं नव्याने बेतावं लागतं.”

“शरीराचंही तसंच. लहान मुलं हे औषध झपाट्याने निकालात काढतात, म्हणून वजनाच्या मानाने त्यांना जास्त लागतं. उतारवयात तेच औषध अंगात रेंगाळतं. आजोबा, भिंत कधीपासून धरता?”

“वय झालं की! पण तीस वर्षं गोळी तीच. एक दिवस चुकवली नाही!”

“आणि तपासायला?”

आजोबा छताकडे बघू लागले.

रिपोर्ट आले. चिमीच्या रक्तात औषध हवं त्याच्या निम्मंही नव्हतं. आजोबांच्या रक्तात दीडपट!

आई सासऱ्यांकडे वळली. “बाबा, तुमचा झोक जायचा आणि आम्ही हसायचो! आजपासून तुमची गोळी अर्धी करते.”

“पुन्हा कात्री?” डॉक्टरबाई कडाडल्या. “मी लिहीन तेवढीच, आणि हळूहळू.”

त्यांनी चिमीला पातळ औषधाची नवी बाटली लिहून दिली आणि आजोबांची मात्रा थोडी कमी केली. घरी येताच आईने उरलेले तिन्ही चतकोर गुंडाळून दवाखान्यात परत पाठवले.

आपल्यापैकी किती घरांत एकाची गोळी दुसऱ्याच्या तोंडात जाते! आजार तोच असेल, औषधाचं नावही तेच. पण वय बदललं की मात्रा बदलते, आणि ती बदलण्याचा हक्क आपल्या कात्रीला नाही.

सहा आठवड्यांनंतर चिमीच्या फिट्स: शून्य. आजोबा, खाटेपासून दारापर्यंत: अकरा पावलं, भिंतीला हात न लावता.