दोन उमेदवार आणि गोजाबाईचा दावा

वकील संघटनेच्या अध्यक्षपदाला दोघे उभे राहिले आणि महिनाभर चाकणच्या हॉटेलांची चांदी झाली. सोमवारी रणजीतने मटण घातलं, बुधवारी मालोजीने मटणासोबत मासेही घातले. तनुजा दोन्हीकडे फिरकली नाही. बारा वर्षांच्या वकिलीत तिला एवढं कळलं होतं, की या दोघांत निवड म्हणजे एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं.

रणजीत जुन्या जमीनदार घरातला. गाडीत टांगायला काळा कोट शोभतो, म्हणूनच तो वकील झाला असावा. मालोजी स्वतःला गरिबांचा वकील म्हणवायचा. गरिबांचे फोन तेवढे उचलायचा नाही.

"मत कुणाला देणार गं?" शेजारच्या टेबलावरच्या मैत्री नावाच्या वकीलबाईंनी विचारलं.

"भाषणं पुरे झाली. आता कोर्टात बसून बघू."

दुसऱ्या दिवशी दोघी दिवाणी कोर्टात मागच्या बाकावर बसल्या. एका दाव्यात नेमके दोघे उमेदवार समोरासमोर होते. दावा गोजाबाईचा. बाई लातूरकडची, चाकणच्या कारखान्यात पॅकिंगला. कुरुळीतल्या तिच्या भाड्याच्या खोलीला मालकाने कुलूप ठोकलं होतं, कारण त्याला तिथे इमारत उठवायची होती. भांडी, शिलाई मशीन, पोरीचे शाळेचे दाखले सगळं आत, आणि मायलेकी आठ महिने दिघीला बहिणीच्या दारात.

पुकारा झाला. मालकातर्फे रणजीत उठला. "साहेब, तारीख मिळावी. तयारी नाही."

गोजाबाईचा वकील मालोजी. तो बसूनच म्हणाला, "आमची हरकत नाही." मग जवळ येऊन उभ्या राहिलेल्या बाईकडे बघून त्याने विचारलं, "तुम्ही कुणाच्या?"

"तुमचीच की साहेब," गोजाबाई म्हणाली. "आजबी खाडा करून आले."

तनुजाच्या डोक्यात तिडीक गेली. दुपारी तिने दाव्याची फाईल काढून पाहिली आणि वकिलांच्या ग्रुपवर लिहिलं: "या दाव्यात आठ तारखा पडल्या. पाच रणजीत यांनी मागितल्या, तीन मालोजी यांनी. समोरच्याने एकदाही हरकत घेतली नाही. मतदारांनी तुलना करावी."

तासाभरात महिनाभराचे वैरी खांद्याला खांदा लावून तिच्या टेबलापाशी हजर.

"मेसेज काढा मॅडम," रणजीत म्हणाला. "सचिवपद बिनविरोध तुम्हाला."

"मला कुत्र्याची शेपटी धरून नदी ओलांडायची नाही."

मालोजी लाल झाला. तेवढ्यात बाजूला उभी राहून ऐकणारी गोजाबाई पुढे येऊन म्हणाली, "बाई, मव्हा दावा तुम्हीच घ्या." मालोजीला आयतंच सापडलं. "आधी मेसेज काढा, मग वकील बदलायला ना-हरकत देतो."

मेसेज काढणं सोपं होतं. पण तनुजा गोजाबाईला म्हणाली, "जज्जसाहेबांपुढे स्वतः बोलाल?"

दुसऱ्या दिवशी कोर्टात गोजाबाई बोलली. "साहेब, ह्यांला मी ओळखू येत न्हाई. मग ह्यांनी मव्हं काय मांडावं?" न्यायाधीशांनी मालोजीकडे पाहिलं. तो फाईल चाळू लागला. वकील बदलायला परवानगी मिळाली आणि जबाबाला तारीख पडली ती मतदानाच्याच दिवशीची.

त्या दिवशी आवारात नुसती झुंबड. रणजीतच्या वतीने दुसऱ्याच वकिलाने उठून तारीख मागितली, "रणजीतसाहेब मतदानात आहेत."

"कोर्ट सुरू आहे," न्यायाधीश म्हणाले. गोजाबाईचा जबाब झाला. उलटतपासणीला कुणीच नव्हतं, तो हक्क तिथेच बंद झाला. बाहेर येऊन तनुजाने मतपत्रिका घेतली, दोन्ही नावांवर काट मारली आणि पेटीत टाकली.

रणजीत एकोणीस मतांनी निवडून आला. मालोजीनेच त्याला पहिला हार घातला. कुणाला नवल वाटलं नाही.

निवडणुकीनंतर आठवड्याने खोलीचा ताबा गोजाबाईला देण्याचा हुकूम झाला. बेलिफाने कुलूप तोडलं तेव्हा मालक दाराशीच गुरगुरत होता. "वरच्या कोर्टात जाणार आमी. रणजीतभाऊ आता अध्यक्ष हायती."

"जा की," तनुजा म्हणाली. "तारीखच मागतील."

खोलीत बुरशीचा वास कोंडला होता. मशीनच्या चाकाला गंज चढला होता. गोजाबाईने पोरीला आत घेतलं, मालकाकडे एकदा पाहिलं आणि त्याच्या तोंडावर दार लावून आतून कडी घातली.