बोटभर जागा

"कुंभाराची सून आज ना उद्या उकिरड्यावर येणारच," असं माझ्या सासूने, धोंडीबाईने, लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मला ऐकवलं होतं. मी आलेच. राख चाळली, माती तुडवली, मडकी थापटून फुगवली, आणि खरं सांगते, काम मला आवडलंच. राग यायचा तो दिवाळीनंतर. पणत्या विकल्या की जव्हारच्या बाजारात मडक्याला कोणी विचारत नाही, मग मी आणि माझा नवरा चंदू वसईकडे वीटभट्टीवर. कुंभाराच्या घरात जन्मायचं, कुंभाराच्या घरात नांदायचं आणि दुसऱ्याच्या विटा पाडायच्या. तिथे मी कुणाशी धड बोलायचे नाही.

म्हणून यंदा दसऱ्यानंतर जव्हारला कुंभारांसाठी कार्यशाळा आहे, मडक्याला काचेसारखा मुलामा द्यायला शिकवणार आहेत, असं कळलं तेव्हा मी नवऱ्याला विचारत बसले नाही. नाव देऊन आले आणि मग सांगितलं. चंदू गरीब माणूस. तो एवढंच म्हणाला, "आयला सांग."

आयला, म्हणजे माझ्या सासूला, सांगितलं; मी त्यांना आत्या म्हणते. त्या मिश्री लावत बसल्या होत्या. थुंकून आल्या आणि म्हणाल्या, "मी पण येतंय. सून काय शिकतंय ते बघाया नको?"

तर जामसरहून रोज आमची वरात जीपने जव्हारला. मी, चंदू आणि आत्या. पत्र्याची मोठी शेड, बाहेर गॅसवरची नवी भट्टी, आणि शिकवायला ठाण्याच्या वर्षा मॅडम. मोखाड्याकडूनही माणसं आली होती. त्यांतली चिमी माझ्याच वयाची, पहिल्या दिवशीच आमची गट्टी जमली.

वर्षा मॅडमनी दोन मडकी पाण्याने भरून ठेवली. एक आमच्यासारखं, दुसरं मुलामा दिलेलं. या मुलाम्याला त्या ग्लेझ म्हणायच्या. जेवून येईतो आमच्या मडक्याखालची फरशी ओली, दुसऱ्याखालची कोरडी. आमचं मडकं पाझरतं म्हणून तर पाणी गार होतं, ते ठीकच आहे. पण मी कपाळावर हात मारून घेतला. आमच्याकडे मोहाचं तेल, करवंदाचं लोणचं, सगळं शेवटी प्लॅस्टिकच्या डब्यात जातं, कारण आमच्या मडक्यात ठेवलं तर अर्धं मडकंच पिऊन टाकतं. आणि हे मडकं काहीच पीत नव्हतं. म्हणजे बरण्या करता येतील. झाकणाच्या, निळ्या, हिरव्या, जव्हारला फिरायला येणारे पर्यटक हातात घेऊन बघतील अशा बरण्या.

परतीच्या जीपमध्ये मी इतकी बडबडले की ड्रायव्हरने गाणी बंद केली. घराच्या मागच्या अंगणात भट्टी कुठे बांधायची, बरण्या कुठे वाळवायच्या, सगळं मी ठरवून टाकलं होतं.

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," आत्या म्हणाल्या.

"आत्या, वर्षभर काम मिळेल घरच्या घरी. वीटभट्टी सुटेल."

"मागच्या आंगनात माजा आवा हाय."

हीच खरी अडचण होती. आवा म्हणजे आमची उघड्यावरची भट्टी, मडकी आणि जळण रचून वर राख लिंपतात ती. आणि आवा रचावा तर धोंडीबाईनेच, हे पंचक्रोशीत कुणीही सांगेल. मडक्याच्या पोटाला मडकं, तोंडावर तोंड, मधे मुंगी शिरणार नाही. त्यांच्या आव्यातलं मडकं हलत नाही, म्हणून फुटत नाही. दुसऱ्या कुंभारांकडचं बोलावणं आलं की त्या नवं लुगडं नेसून आवा रचायला जायच्या. ते अंगण मागणं म्हणजे त्यांच्या देव्हाऱ्यालाच हात घालणं होतं.

 जामसरला उतरताना त्या म्हणाल्या, "तुजी पयली बरणी बघीन. चांगली निघाली तर आंगन तुजं. नाय निघाली तर दिवाळीमागं गुमान विटा पाडाया जायाचं, तोंड वाकडं नाय करायचं."

"कबूल," मी म्हणाले. चंदूने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यालाच जुगारात लावलं होतं.

मग मी जी कामाला लागले, विचारू नका. बरणी घडवली, वाळवली, एकदा भाजून घेतली. ग्लेझची बादली पाहिली तेव्हा मात्र माझा धीर सुटला. फिकट जांभळट, पेजेसारखं पाणी. यातून निळा रंग निघतो? मॅडम म्हणाल्या, "आगीवर विश्वास ठेव." बरणी बुडवायची, वर काढायची, आणि बूड ओल्या स्पंजाने पुसून कोरडं करायचं, नाहीतर भांडं खालच्या फळीला चिकटतं. झाकण वेगळं भाजायचं. चिमीने वाडगे केले होते, ती एकेक बूड पुसताना अशी लाजत होती की मला हसू आवरेना.

आत्या यातल्या एकाही गोष्टीला आत नव्हत्या. मातीची कामं होती तोवर त्यांनी लक्ष दिलं, रंगाच्या बादल्या आल्या तशा "ह्यो नट्टापट्टा मना नको" म्हणून बाहेर सावलीत जाऊन बसल्या.

भट्टी मांडायचा दिवस सोमवार होता. मॅडम स्वतः मांडत होत्या, प्रत्येक भांड्याच्या चारी बाजूंनी बोटभर जागा सोडून. माझी बरणी मधल्या फळीवर, तिचं झाकण शेजारी. जागा संपली आणि चिमीचे वाडगे बाहेर राहिले. "पुढच्या भट्टीत घेऊ," मॅडम म्हणाल्या. चिमी हो म्हणाली, पण तिचं तोंड एवढंसं झालं. पुढच्या भट्टीपर्यंत मोखाड्याहून पुन्हा यायला तिला घरातून सोडतील की नाही, देव जाणे. मग सगळे जेवायला गेले. आत्यांचा सोमवार, त्या तिथेच थांबल्या.

आम्ही परत आलो तर भट्टीच्या दाराच्या विटा रचून, फटी लिंपून तयार. चंदू पानावरून आमच्याआधी उठला होता, म्हणून मॅडमना वाटलं त्यानेच केलं, त्यांनी त्याला शाबासकीसुद्धा दिली. चंदूने ती घेतली, कारण त्याला ती कशाबद्दल आहे हे विचारायचा संकोच वाटला. बाहेरचे वाडगे दिसत नव्हते, ते मॅडमनी पुढच्या भट्टीसाठी उचलून ठेवले असं चिमीला वाटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मॅडमनी भट्टी पेटवली. दाराच्या एका विटेला मुळातच छोटं भोक होतं. त्यातून आत उभा केलेला मातीचा बारीक शंकू तेवढा दिसायचा, तो वाकला की समजायचं ग्लेझ वितळलं. त्या भोकापाशी आमची रांग लागली. आत आधी काळोख, मग लाल, मग पिकल्या पपईसारखा उजेड. दुपारी चिमी किंचाळली, "वाकला, वाकला," आणि आम्ही दोघी एकमेकींचे हात धरून लहान पोरींसारख्या उड्या मारल्या. गॅस बंद झाला. आता थंड व्हायची वाट बघायची, आणि वाट बघणं मला जन्मात जमलेलं नाही.

बुधवारी दार उघडलं. वरच्या विटा निघाल्या आणि आत निळं दिसलं. आमच्याच मातीवर, आमच्याच हाताच्या वळांवर, पावसाळ्यानंतरच्या आभाळाचं निळं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी मॅडमना बाजूला सारून हात घातला आणि बरणी उचलली.

बरणीबरोबर झाकण आलं, बरणीच्या पोटाला चिकटलेलं. दुसऱ्या बाजूला चिमीचा एक वाडगा आला. त्या वाडग्यात बसलेला दुसरा वाडगा आला. त्याला लागून कुणाची तरी पणती. सगळं एकजीव, काचेने सांधलेलं. मागे पाहिलं तर सगळ्या फळ्यांवर हेच. भांड्याच्या पोटाला भांडं, तोंडावर तोंड.

"हे वाडगे तर बाहेर होते," वर्षा मॅडम म्हणाल्या. "दार कोणी लावलं होतं?"

चंदू घसा खाकरून पुढे झाला. त्याने मांडणी पाहिली होती, ती कुणाच्या हातची हे त्याला कळलं होतं, मलाही कळलं होतं. तो म्हणाला, "मीच असंन बहुतेक."

"तू कशाला असशील?" आत्या मागून म्हणाल्या. "मी लावलं."

माझा तोल गेला. पन्नास माणसं उभी होती की पाच, मला फिकीर नव्हती. "आत्या, विटा पाडायला पाठवायचं होतं तर सरळ सांगायचं. असा डाव कशाला खेळायचा? मी काय वैरीण आहे तुमची?"

 त्या पुढे आल्या आणि माझ्या हातातला तो गठ्ठा घेतला. वाडगा हलवून पाहिला, झाकण ओढून पाहिलं. मग मॅडमना विचारलं, "चिटाकलं कसानं?"

"ग्लेझ वितळतं ना, आजी. गुळाच्या पाकासारखं होतं. दोन भांडी लागली की पाक एक होतो, आणि गार झालं की सुटत नाही."

"म्हंजे मधी जागा लागतंय."

"हो."

"मना नाय ठावं." त्यांनी चिमीकडे पाहिलं. "तुजं वाडगं भायेर राह्यलं, तुजं तोंड बघवलं नाय. आन् आत एवढी जागा मोकळी. भांड्यांमधी मोकळी जागा दिसली का माजे हात ऐकत नाय गं. आयुष्यभर तीच भरत आलंय. आता म्हंजे माजं रचणंच चुकीचं."

हे त्या मला नाही, हातातल्या भांड्यांना सांगत होत्या. माझा राग तिथेच विरघळला.  मी त्यांच्याकडून एवढी वर्षं 'चुकलं' हा शब्द ऐकायला टपले होते, आणि तो आला तेव्हा मला मुळीच नको होता.

त्यांनी चंदूकडून पाण्याची बाटली घेतली आणि बरणीत ओतली. खाली तळहात धरून उभ्या राहिल्या. आम्ही सगळे त्यांच्या तळहाताकडे बघत होतो. हात कोरडा राहिला. मग बरणीच्या काठावरून बोट फिरवलं, बुडाला टिचकी मारली, कान लावून ऐकलं.

"बरणी चांगली निघाली," त्या म्हणाल्या. "रचणं वंगाळ. रचणं माजं, बरणी हिची." आणि मॅडमना म्हणाल्या, "चिमीला घरी नको धाडू. भट्टी परत मांडू. मी मांडीन, तू फकस्त जागा दाव."

चिमीची सोय आमच्याच घरी झाली. आत्यांनी दुसरी भट्टी मांडली तेव्हा त्या प्रत्येक दोन भांड्यांमध्ये बोट घालून बघत होत्या, आणि बोट निघालं की हसत होत्या. दुसऱ्या भट्टीतून चिमीचे वाडगे हिरवेगार, सुटे निघाले. माझ्या दोन बरण्याही निघाल्या, आपापल्या झाकणांसकट. चंदूने वीटभट्टीच्या मुकादमाला फोन करून सांगितलं, यंदा आम्ही येत नाही. असं ठाम बोलताना मी त्याला प्रथमच ऐकलं.

कार्यशाळा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मागून फावड्याचा आवाज आला म्हणून मी गेले. आत्या अंगणात पदर खोचून त्यांच्या आव्याची राख भरून काढत होत्या. माझ्या वयाहून जुनी असेल ती राख. मला कसंतरी झालं.

"आत्या, सगळी नका काढू. मला अर्धं अंगण पुरे. अर्ध्यात तुमचा आवा राहू दे."

"माजा आवा आंब्याखाली नेतंय."

"अहो, पण मावतील की दोन्ही."

त्यांनी फावडं टेकवलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू कार्यशाळेत त्या बसल्या होत्या आणि मी बाहेर सावलीत होते.

"दाटीत चिटकतंय गं," त्या म्हणाल्या. "तुला जागा लागंल."

मी पाटी उचलली आणि त्यांच्या शेजारी राख भरायला लागले.