रेघांचा गोटा

आमच्या गोट्यांच्या खाणीवर सासरा-जावई भांडायलाच आलेत, हे टांगा लांबून दिसला तेव्हाच मी ओळखलं. मध्ये मुलगी, आणि दोघांची तोंडं दोन दिशांना.

सासरे मोठे प्रोफेसर. जुन्या काळी प्रलय झाला, त्या पुरानं हे गोटे आणून टाकले, असं त्यांनी जन्मभर शिकवलेलं. जावई त्यांच्याच हाताखाली संग्रहालयात. तो म्हणायचा, पूरबीर काही नाही, इथं डोंगराएवढा बर्फ सरकत आला, त्यानं दगड घासत आणले. पुरातला गोटा गुळगुळीत होतो, बर्फाखालच्यावर सरळ रेघा उमटतात. तसा एक त्यानं आमच्या ढिगातून नेला, तर सासऱ्यांनी भर सभेत त्याला हसून घेतलं. म्हणे, रेघा खाणवाल्यांच्या फावड्याच्या. आता खाणीच्या भिंतीतला ताजा गोटा दाखव, नाहीतर उद्यापासून संग्रहालयाची पायरी चढू नकोस, असं ठरलेलं.

"लोखंड लावायचं नाही," म्हातारे मला म्हणाले. "हातानं काढ. जावईबापूंना मागून रडायला जागा नको."

"रडायची वेळ कुणावर येते, बघूच," जावई म्हणाला.

मी बोटांनी भिंत उकरायला लागलो. नखांची वाट लागली. तोवर माझ्या डोक्यावर यांचं चालूच. यानं त्यांचं वय काढलं, त्यांनी याचं खानदान. निघाले ते सगळे गुळगुळीत. म्हातारे मिशीत हसायला लागले.

मग एक चपटा निघाला. चिखल पुसला तर पट्टी धरून ओढाव्यात तशा रेघा. म्हाताऱ्यांनी तो माझ्या हातातून ओढला, त्यावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. तोंड असं उतरलं की मलाच कसंतरी झालं. पण घडीभरच. कारण त्यांनी हात मागे नेला आणि गोटा खाणीतल्या पाणी भरलेल्या जुन्या खड्ड्यात भिरकावला.

"काही नव्हतं त्याच्यावर."

जावई अंगावर धावला. मी मध्ये पडलो आणि दोघांच्या शिव्या खाल्ल्या.

"बाबा, मी रेघा बघितल्या," मुलगी म्हणाली.

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"तुमच्या पुस्तकांतल्या सगळ्या गोट्यांची चित्रं मीच काढलीत. याचंही काढीन."

"त्याखाली माझं नाव येणार नाही."

"नकोच आहे."

म्हातारे टांग्यात चढले. लेकीसाठी थांबले नाहीत, आणि तीही गेली नाही. ती गोट्यांच्या ढिगावर बसून माझ्याकडे कागद मागायला लागली. जावई त्या पाण्यात उतरायला निघाला होता, त्याचा दंड मला धरून ठेवावा लागला. तिथं तळ लागत नाही.